भूत कोणाच्या डोळ्यांत? : एका उपेक्षित भयपटाविषयी

भयपटाचे नाव काढले की आपल्याकडील जुन्या, नाट्यसंगीतावर वाढलेल्या घरांतून एक ठरावीक स्मित उमटते. त्या स्मिताचा अर्थ असा की, हा प्रकार पोरासोरांचा. जाणत्या रसिकाने त्यात वेळ दवडू नये. गंमत अशी की, याच घरांतील मंडळी आगरकरांच्या ‘विकारविलसिता’चा विषय निघाला म्हणजे बापाच्या पिशाच्चावर तासन् तास बोलतील, आणि ते पिशाच्च खरे की राजपुत्राच्या मनाचा खेळ, यावर तावातावाने वादही घालतील. रंगभूमीवर आलेल्या भुताला साहित्याचा मान आणि पडद्यावर आलेल्या भुताला मात्र बाहेरच्या ओटीवर जागा, हा पंक्तिप्रपंच मला कधीच उमगलेला नाही. वाईट भयपट पुष्कळ आहेत हे कबूल. पण वाईट संगीत नाटकेही काही थोडी झाली नाहीत, आणि म्हणून कोणी संगीत नाटकाला नावे ठेवली नाहीत.

ज्या चित्रपटाची शिफारस करण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे, तो इंग्रजी चित्रपट 1961 सालचा आहे. नाव ‘दि इनोसंट्स’, म्हणजे ‘निष्पाप’. दिग्दर्शक जॅक क्लेटन. हा चित्रपट अगदीच अज्ञात आहे असे नाही. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्यासारख्या अमेरिकन दिग्दर्शकाने 2009 साली सर्वांत भयप्रद अशा अकरा चित्रपटांची यादी केली, तीत त्याला स्थान दिले. अभ्यासक त्याला मानतात. परंतु सामान्य प्रेक्षकाला हिचकॉकचा ‘सायको’ तोंडपाठ असतो आणि ‘दि इनोसंट्स’चे नाव घेतले तर तो कोऱ्या चेहऱ्याने पाहतो. याचे एक कारण काळाचे आहे. ‘सायको’ 1960 सालचा. त्याने प्रेक्षकाला किंकाळीची सवय लावून ठेवली होती. तिकडे इंग्लंडातच हॅमर या संस्थेने 1957 पासून रंगीत ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइन यांच्याद्वारे लालभडक रक्ताची चटक लावली होती. अशा वेळी काळ्यापांढऱ्या रंगांत, हळू पावलांनी, मेणबत्ती हातात घेऊन आलेला हा चित्रपट दोन्हीकडून अडचणीत सापडला. ज्यांना दचकायचे होते त्यांना तो संथ वाटला, आणि ज्यांना वाङ्मय हवे होते ते भुताच्या चित्रपटाकडे फिरकलेच नाहीत.

चित्रपटाचा आधार आहे हेन्री जेम्सची 1898 साली प्रसिद्ध झालेली ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही दीर्घकथा. स्क्रूला आपल्याकडे मळसूत्र हा सुरेख शब्द आहे. भुताच्या गोष्टीत एखादे मूल आले म्हणजे त्या मळसूत्राला आणखी एक पीळ बसतो, आणि दोन मुले आली म्हणजे दोन पीळ बसतात, अशी त्या नावामागची कल्पना. ही दोन मुले पोरकी आहेत. मूळ कथेत त्यांच्या मृत्यूच्या जागेशी आपला थोडा संबंध येतो. मुलांचा बाप लष्करी पेशातला होता आणि आईबाप दोघेही हिंदुस्थानात वारले. साम्राज्याच्या कारभारात अशी किती पोरकी मुले बोटीत बसवून विलायतेच्या थंड वाड्यांकडे रवाना झाली असतील, याचा विचार ती कथा वाचताना माझ्या मनात हटकून येतो.

मुलांचा चुलता श्रीमंत आहे, देखणा आहे, आणि त्याला मुलांची कटकट नको आहे. तो मिस गिडन्स नावाच्या एका पाद्र्याच्या मुलीला गव्हर्नेस म्हणून नेमतो. अट एकच : काय वाटेल ते करा, पण मला त्रास देऊ नका, मला काही कळवू नका. आपल्या संस्थानी शहरांना ही गव्हर्नेस अपरिचित नाही. राजवाड्यांतून आणि सरदारांच्या वाड्यांतून अशा मडमा आणि साहेब शिक्षक वावरत. सयाजीराव महाराजांना घडविणाऱ्या इलियटसाहेबांचे नाव बडोद्यात अजून आदराने घेतले जाते. या व्यक्तीचे स्थान मोठे चमत्कारिक असते. ती घरात राहते पण घरची नसते. नोकरांत तिची गणना होत नाही आणि मालकांच्या पंगतीत तिला पाट नसतो. मुले मात्र सर्वस्वी तिच्या हाती असतात. अधिकार पूर्ण आणि विचारणारे कोणी नाही, अशा अवस्थेत एक भाबडी, धर्मशील, प्रेमाची भुकेलेली स्त्री ब्लाय नावाच्या प्रचंड वाड्यात येऊन पडते. भुते पुढे येतात. पण संकटाची पायाभरणी चुलत्याने त्या मुलाखतीतच करून ठेवलेली आहे.

त्याच मुलाखतीत तो तिला विचारतो की, तुमच्या ठायी कल्पनाशक्ती आहे का? ती मोठ्या उत्साहाने होकार देते. प्रथम पाहताना हा प्रश्न आपण सहज सोडून देतो. दुसऱ्यांदा पाहताना तो कानांत खिळ्यासारखा बसतो.

वाड्यात फ्लोरा आहे, गोड आणि लाघवी. तिच्या पाठोपाठ माइल्स शाळेतून परत येतो. परत येतो म्हणजे काढून टाकला जातो. इतर मुले त्याच्या संगतीने बिघडतील असे काही तरी शाळेच्या पत्रात आहे, पण नेमके काय घडले ते नाही. मुलगा तर इतका अदबशीर की बघत राहावे. हळूहळू मिसेस ग्रोस या जुन्या कारभारीण बाईंकडून, ओढून ओढून, एकेक गोष्ट बाहेर येते. या घरात क्विंट नावाचा खासगी नोकर होता आणि मिस जेसेल नावाची आधीची गव्हर्नेस होती. त्यांचा संबंध घरात लपून राहिलेला नव्हता, आणि मुले सदैव त्यांच्या भोवती होती. क्विंट दारूच्या नशेत पायऱ्यांवर पडून मेला, मिस जेसेलने पुढे जीव दिला. आणि आता मिस गिडन्सला बुरुजावर एक पुरुष दिसतो, तळ्याच्या लव्हाळ्यांत काळ्या पोशाखातली एक बाई दिसते. तिची खात्री होते की, ही दोघे मुलांच्या देहांतून पुन्हा एकत्र येऊ पाहत आहेत, आणि मुले हे जाणून आहेत.

हे खरे की तिच्या मनाचा खेळ? अमेरिकन टीकाकार एडमंड विल्सन याने 1934 साली मूळ कथेविषयी हाच प्रश्न उपस्थित केला आणि भुते ही गव्हर्नेसच्या कोंडलेल्या वासनांची निर्मिती आहे असे प्रतिपादन केले. तेव्हापासून या वादाचा निकाल लागलेला नाही. विल्यम आर्चिबाल्ड याने 1950 साली या कथेचे नाटक केले, त्यात भुते खरी मानली होती. बेंजामिन ब्रिटन याने 1954 साली संगीतिका रचली, तिच्यात तर भुते चक्क गातात. क्लेटनला हे नको होते. त्याने आर्चिबाल्डच्या पटकथेवर ट्रूमन कपोटीकडून नवे संस्कार करून घेतले, आणि प्रत्येक दृश्याची तराजू दोन्ही बाजूंनी समतोल राहील अशी व्यवस्था केली.

याचे एकच उदाहरण देतो. जेम्सच्या कथेत गव्हर्नेस क्विंटला कधीही न पाहता त्याचे हुबेहूब वर्णन करते, आणि मिसेस ग्रोस ते ओळखते. हा भुताच्या बाजूचा मोठा पुरावा. चित्रपटात काय केले आहे पाहा. लपंडाव खेळताना मिस गिडन्स माळ्यावर जाते. तेथे जुन्या अडगळीत तिला एक संगीतपेटी सापडते आणि तिच्यात क्विंटची तडा गेलेली लहानशी तसबीर. त्यानंतर तिची लपण्याची पाळी येते, ती पडद्यामागे उभी राहते, आणि खिडकीच्या काचेपलीकडून तोच चेहरा पुढे येतो. म्हणजे चेहरा तिच्या मनात आधीच शिरलेला होता! पुरावा फुटला म्हणून आपण सुस्कारा सोडावा, तर पुढे शाळेच्या खोलीत मेजाशी बसून रडणारी मिस जेसेल दिसेनाशी होते आणि मेजावर एक ओला थेंब मागे राहतो. मनाचा भास असेल तर अश्रू कोणाचा? एका हाताने दिलेले दिग्दर्शक दुसऱ्या हाताने काढून घेतो, आणि प्रेक्षकाला कोठेच टेकू देत नाही.

आपल्या हिंदी चित्रपटांच्या तुलनेत हे विशेष जाणवते. कमाल अमरोहींचा 1949 सालचा ‘महल’ घ्या, 1962 सालचा ‘बीस साल बाद’ घ्या किंवा राज खोसलांचा 1964 सालचा ‘वह कौन थी’ घ्या. वातावरण असे की अंगावर काटा यावा, गाणी तर अवीटच. पण शेवटी भूत म्हणून जे समजलो ते माणूस निघते, कट उघडकीस येतो, आणि आपण निश्चिंत मनाने टांग्यात बसून घरी येतो. त्या चित्रपटांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. त्यांतले पहिले दोन तर मी कितीदा पाहिले असतील. मात्र तेथे भीतीला शेवटी उत्तर मिळते. ‘दि इनोसंट्स’मध्ये उत्तर मिळत नाही, आणि उत्तर नसलेली भीती घरापर्यंत बरोबर येते.

आता थोडे कारागिरीविषयी. चित्रपट सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे उंचीच्या दुपटीहून अधिक रुंद पडद्यासाठी घेतलेला आहे. ही रुंदी निर्मितीसंस्थेच्या आग्रहामुळे आली. क्लेटनला ती मनापासून नको होती. कोंदट घराची गोष्ट सांगायची आणि पडदा मात्र मैदानासारखा! पण छायाचित्रणकार फ्रेडी फ्रान्सिस याने काच रंगवून अशी गाळणी तयार केली की, चित्राच्या दोन्ही कडा काळोखात बुडाव्यात आणि मध्ये तेवढा उजेड राहावा. परिणाम असा की, रुंदी असूनही माणूस कोंडल्यासारखा दिसतो आणि आपली नजर सतत त्या काळ्या कडांकडे धाव घेते. मेणबत्त्यासुद्धा अधिक प्रकाश पडावा म्हणून अनेक वाती एकत्र वळून मुद्दाम करवून घेतल्या होत्या. मिस गिडन्स रात्री दिवा हाती घेऊन त्या लांबच लांब ओसरीतून चालते, त्या दृश्यात भूत मुळीच नाही. तरी छातीत धडधडते.

संकलक जिम क्लार्क याने एक चित्र विरून दुसरे उमटण्याची क्रिया इतकी लांबविली आहे की, काही क्षण दोन-तीन चित्रे एकमेकांत मिसळून राहतात. झोपलेल्या बाईच्या चेहऱ्यावर तळे तरंगते, तळ्यावर मुलांचे चेहरे. स्वप्नाची ही भाषा पुढे अनेकांनी उचलली. ध्वनीचे तर काय सांगावे! आरंभी पडदा पूर्ण काळा असतो. निर्मितीसंस्थेचे बोधचिन्हदेखील अजून यायचे असते आणि एका मुलीच्या आवाजात एक करुण गाणे सुरू होते. आपल्याला वाटते, यंत्रात काही बिघाड झाला. तोवर त्या सुराने आपल्याला धरलेले असते.

सर्वांत धाडसाची गोष्ट ही की, यातील भुते भर दिवसा येतात. भूत म्हटले की अमावास्या, वटवाघूळ, ओसाड विहीर हा आपला आणि साऱ्या जगाचाच संकेत. येथे मिस गिडन्स उन्हात पांढरे गुलाब कापीत असते. बागेतल्या दगडी बालमूर्तीच्या तोंडातून एक किडा बाहेर येतो. एकाएकी सारे आवाज थांबतात. ती मान वर करते, तर बुरुजावर, सूर्याच्या तिरिपीत, कोणी तरी उभे आहे. तळ्याकाठची मिस जेसेल तर काही म्हणजे काहीच करीत नाही. दूरवर नुसती उभी राहते. पडद्यावर मी आजवर पुष्कळ भुते पाहिली. धावणारी, ओरडणारी, रक्त पिणारी. त्या दूर उभ्या असलेल्या बाईइतके कोणी मला अस्वस्थ केलेले नाही.

मिस गिडन्सची भूमिका डेबोरा कार या अभिनेत्रीने केली आहे. हिमालयातील मठात मन ढळू लागलेल्या जोगिणींचा ‘ब्लॅक नार्सिसस’ हा 1947 सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ती आठवेल. जेम्सची गव्हर्नेस विशीतली पोर आहे. डेबोरा कार त्या वेळी चाळिशीच्या घरात होती. निवड चुकली असे म्हणणारे टीकाकार आहेत. मला तर या निवडीनेच भूमिकेला खोली आली असे वाटते. विशीतल्या मुलीचा घोटाळा आपण अननुभव म्हणून सोडून देऊ. पण चाळिशीपर्यंत ज्या स्त्रीच्या वाट्याला स्वतःचे असे कोणी आले नाही, तिने दोन मुलांना एकदम कवटाळावे, यात केवढी भूक आहे! तिचा चेहरा प्रेमळ आहे, आवाज मऊ आहे, आणि डोळे दृश्यागणिक अधिकाधिक विस्फारत जातात. मुलांची कामे करणारी मार्टिन स्टीफन्स आणि पॅमेला फ्रँकलिन ही दोघे तिच्या तोडीस तोड आहेत. माइल्स तिला मोठ्या माणसासारखे ‘माय डिअर’ म्हणतो, तेव्हा हसावे की घाबरावे तेच कळत नाही.

येथवर आलो म्हणजे माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळता येते. भुते आहेत की नाहीत, हा या चित्रपटाचा खरा विषय आहे असे मला वाटत नाही. त्याचा विषय आहे खात्री. मिस गिडन्सची भीती आपल्याला घाबरवीत नाही. तिची खात्री झाली म्हणजे आपण घाबरतो. तळ्याकाठी ती फ्लोराला पलीकडे बोट दाखवून विचारते, ती बाई दिसते ना, कबूल कर. मुलगी किंचाळते, आपल्याला काही दिसत नाही म्हणून आक्रोश करते. शेजारी उभ्या असलेल्या मिसेस ग्रोसलाही काही दिसत नाही. एवढ्याने कोणाचाही निश्चय डळमळावा. हिचा मात्र अधिक पक्का होतो. मूल नाही म्हणते, म्हणजेच ते लपवीत आहे, असा तिचा न्याय. या न्यायापुढे मुलाची सुटका कशी व्हावी? हो म्हणाला तर भूत आहेच. नाही म्हणाला तर अधिकच आहे.

मग ती घर रिकामे करते. फ्लोराला मिसेस ग्रोसबरोबर लंडनला पाठविते, नोकरांना जायला सांगते आणि माइल्सला घेऊन एकटी उरते. त्याने एकदा क्विंटचे नाव तोंडाने उच्चारले म्हणजे तो मोकळा होईल, अशी तिची श्रद्धा. आपल्याकडच्या वाचकाला हे दृश्य परके वाटणार नाही. देवऋषी हेच करतो : तू कोण, कुठला, नाव सांग, सोडून जा. गाणगापुरी ज्यांनी पालखीच्या वेळी झाडाला धरल्यासारखी घुमणारी माणसे पाहिली असतील, त्यांना ‘नाव सांग’ या शब्दांतला दरारा ठाऊक आहे. नाव निघाले की बाधा गेली, ही समजूत इंग्लंडातल्या पाद्र्याच्या मुलीची आणि आपल्या गावातल्या मांत्रिकाची एकच निघावी, हे मला मोठे विचार करण्याजोगे वाटते. माइल्स ते नाव उच्चारतो की नाही आणि त्याची किंमत काय पडते, हे येथे सांगून मी रसभंग करीत नाही. एवढेच सांगतो की, चित्रपटाच्या आरंभी अंधारात प्रार्थनेसाठी जोडलेले दोन हात दिसतात, आणि मुलांना वाचवायचेच आपल्या मनात होते असे रडवेल्या आवाजात कोणी तरी म्हणत असते.

वाचवायचेच मनात होते. या तीन शब्दांनी किती घरांतून किती अनर्थ केले असतील! मुलाच्या भल्यासाठी त्याची वही उघडून वाचणारे, मुलीच्या भल्यासाठी तिची मैत्री तोडणारे, जे त्यांच्या मनात नाही ते कबूल करून घेईपर्यंत त्यांना समोर बसवून ठेवणारे वडीलधारे कोणत्या मोठ्या वाड्याने पाहिले नाहीत? ते दुष्ट नसतात; दुष्ट असते तर प्रश्न सोपा होता. त्यांची माया खरी असते, आणि त्या मायेला शंकेचा वारा लागू द्यायला ते तयार नसतात. उलट बाजूही विसरता कामा नये. मुलांवर खरोखरीच काही वाईट संस्कार झालेले असतील, आणि घरातल्या मोठ्यांनी चुलत्यासारखे कानांवर हात ठेवले असतील, तर? क्विंट जिवंत असताना मिसेस ग्रोसने पुष्कळ पाहिले आणि गप्प बसली. गप्प बसणाऱ्यांनी मुलांना सोडले आणि बोलायला लावणाऱ्यांनी त्यांना घेरले. या दोहोंच्या मध्ये जी अरुंद वाट आहे, ती चित्रपट दाखवून देत नाही, पण तिची आठवण मात्र जन्मभर पुरेल इतकी करून देतो. एवढे काम एखाद्या गंभीर सामाजिक नाटकाने केले असते, तर आपण त्यावर परिसंवाद भरविले असते.

‘भूत’ हा आपला शब्द मोठा अर्थगर्भ आहे. जे होऊन गेले ते भूत. क्विंट आणि जेसेल खरोखर बुरुजावर आले असोत वा नसोत, त्या घरात जे होऊन गेले ते मुलांच्या मनांतून गेलेले नव्हते, हे तर निर्विवाद आहे.

शंभर मिनिटांचा हा चित्रपट आता घरबसल्या मिळविता येतो. रसिकांना माझी विनंती अशी की, तो रात्री, दिवे मालवून आणि शक्यतो तीन पिढ्यांनी एकत्र बसून पाहावा. संपल्यावर लगेच दिवे लावू नयेत. प्रत्येकाला विचारावे की, चूक कोणाची? माझा अनुभव असा की, आजी-आजोबा बहुधा गव्हर्नेसची बाजू घेतात, नातवंडे मुलांची, आणि मधली पिढी थोडा वेळ काहीच बोलत नाही.